‘खाली’चा रकाना

“खाली आलो, ताई. टिक मार.”

फोनवर आमचे भाऊ एवढंच बोलायचे. पण हे ऐकेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. देवळीच्या बाजूला एका सबस्टेशनवर मी ऑपरेटर आणि ते लाइनमन; सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. ते खांबावर चढणार म्हटलं की मी त्या लाइनची वीज बंद करायची आणि उतरल्याचं त्यांच्याच तोंडून ऐकलं की पुन्हा सोडायची. तुमच्याकडची लाइट गेली की तुम्ही आम्हाला मनसोक्त शिव्या घालता ना, तेव्हा बरेचदा असं कुणीतरी वर असतं.

भाऊंना बीपी निघालं, तेव्हा नागपूरच्या लेकीने त्यांच्या मोबाइलमध्ये रोजच्या सवयींची नोंद ठेवणारं अॅप टाकून दिलं. दोनच दिवसांत भाऊ तणतणत आले. “ताई, मी खांबावर, अन् हे खिशातून केकाटते, पाणी प्यायचं! पडलो असतो ना!”

मग लेकीने त्याचाच कागदी तक्ता छापून पाठवला. एका महिन्याचा एक कागद. पाणी, गोळी, तंबाखूचा खर्रा नाही, चालणं, लेकीला फोन. भाऊंनी तो माझ्या टेबलामागच्या भिंतीला चिकटवला आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक रकाना आखला. त्यावर लिहिलं, ‘खाली’.

“हा तुया हातचा,” ते म्हणाले. “माया आवाज आयकल्याबिगर मारू नोको. कोनी कायबी सांगो.”

बाकीचे रकाने मात्र त्यांचे. रोज सकाळी “जयभीम ताई” म्हणत यायचे, पँटला लावलेली सायकलची पिन काढायचे आणि तक्त्यासमोर उभं राहून दिवसभराच्या सगळ्या टिका एकदमच मारून टाकायचे. पाणी प्यायलेलं नसायचं. गोळी तर दुपारी डबा खाल्ल्यावर घ्यायची.

“भाऊ, अजून अख्खा दिवस जायचा आहे.”

“दिवसभर हात कायेकुट्ट राह्यते, ताई. मंग कोन मारते टिक? आपन घेतोच ना गोळी!”

मी हसायचे. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. ऊन भाजत होतं. दुपारी एकाच्या सुमाराला पलीकडच्या गावात तार तुटल्याचा निरोप आला. भाऊंचा जोडीदार सुट्टीवर होता. “आजच्या दिवस मी एकटाच पायतो,” असं म्हणून त्यांनी डबा आवरला, जाताजाता तक्त्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटले, “गोळी झाली.” मीही मान वर केली नाही.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, “चढतो आता, ताई.” मी लाइन बंद केली. अशा कामाला फार तर अर्धा तास लागतो.

अर्धा तास झाला, मग पाऊण, मग तास. मी फोन लावत राहिले. रिंग जायची, कुणी उचलायचं नाही. मध्येच पिठाच्या चक्कीवाला, “ताई, लाइट कवा येते?” मग वरच्या ऑफिसातून साहेब, “अजून बंद का? काम झालं असेल, सोडा.” तेवढ्यात गावातल्याच एका माणसाचा फोन. “मॅडम, लाइनमन तं गेला ना! म्या पाह्यलं गाडीवर जातानी.”

खरं सांगते, माझा हात बटनापर्यंत गेला होता. साहेबांचा हुकूम होता, साक्षीदारही होता. मी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. ‘खाली’ रिकामा होता. मी हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, लहान मूल बसतं तशी. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

फोन वाजला. “ताई…” आवाज ओळखू येईना. “वरच होतो. गरगरलं. कमरेच्या पट्ट्यात लटकलो. तारेले धरून होतो.” मग धापा टाकत म्हणाले, “खाली आलो. टिक मार.”

त्या दिवसाची टिक रकान्याबाहेर गेली आहे.

गाडीवर गेलेला माणूस कुणी दुसराच होता. संध्याकाळी भाऊ सबस्टेशनवर परतले, तेव्हा त्यांच्या तिथल्या कपाटातून मी गोळ्यांचं पाकीट काढलं. सोमवारी नवं आणलेलं, आज शनिवार. सहा टिका होत्या आणि गोळ्या दोनच गेल्या होत्या. डबा खाऊन ते तक्ता पाहायचे आणि टिक दिसली की गोळी घेतली असं धरून चालायचे.

“भाऊ, गोळ्या तुम्ही खाता की कागद?” मी ओरडले, आणि मलाच रडू आलं. सकाळी हसणारीही मीच होते.

त्यांनी पाकीट हातात घेऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या. मग म्हणाले, “आता भेव वाटते, ताई. खांबाचं नाई. आपल्याच हातानं मारलेल्या टिकचं.”

त्यानंतर गोळी तोंडात, घोटभर पाणी, जीभ काढून मला दाखवणं आणि मगच टिक. निवृत्त झाले तेव्हा तक्ता घरी नेला, पण शेवटचा रकाना ब्लेडने कापून माझ्या टेबलावर ठेवला. “हा तुया हातचा.” दर महिन्याला नवी पट्टी आणून द्यायचे. आता खांब नव्हता, तरी रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. “खाली हाओ, ताई. टिक मार.” मी म्हणायचे, “मारली.”

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी सहा वाजून गेले. साडेसहा, सात. मी फोन लावत राहिले. रिंग जात होती. मी पुन्हा हात मांडीखाली दाबून बसले.

काही दिवसांनी त्यांची लेक माझ्याकडे आली. दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत, म्हणाली. तक्ता तिने सोबत आणला होता. त्या दिवशीची गोळीची टिक होती. पाकिटातल्या गोळ्या तिने मोजून पाहिल्या होत्या, हिशेब बरोबर होता. तिने तक्त्याला माझी पट्टी जोडून पाहिली. “मावशी, एवढी एक तुमची राहिली. मारून टाका ना.”

मी पेन उघडलं. पोरीचा चेहरा पाहवत नव्हता. पण आवाज ऐकल्याशिवाय मारू नकोस, कोणी काही सांगो, असं भाऊ म्हणाले होते. मी पेन बंद केलं.