खाटेखाटेपाशी

खळ घातलेल्या सुती साडीचा वास आला, की मला कोल्हापूरच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. दहावीनंतर शाळा सुटलेली मी परभणीकडून इतक्या लांब नर्स म्हणून आले होते, आणि बऱ्याच वर्षांनी, नोकरी सांभाळून, बारावी करून पदवीसाठी कॉलेजात बसू लागले होते. ते जमलं मोठ्या सिस्टरांमुळे; माझ्या ड्युट्या त्याच बदलून द्यायच्या. शेवटच्या पेपरच्या दिवशी रात्रपाळी संपली आणि माझ्या जागी, खळ घातलेल्या सुती साडीत, त्या स्वतः आल्या. आमच्यात खाटेखाटेपाशी उभं राहून पेशंट सोपवल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही. एरवी त्या हे चालता चालता उरकायच्या. त्या दिवशी मात्र प्रत्येक पट्टी सोडून बघितली, प्रत्येक चादर पुन्हा घालायला लावली. "सिस्टर, पेपर चुकेल माझा," मी रडकुंडीला आले. "चुकू दे की. डिग्री घिऊन उद्या माझ्याच खुर्चीत बसणार न्हवं तू?" खाटेवरचे एक आजोबा म्हणाले, "सोडा की वो पोरीला, आम्ही काय पळून जातोय व्हय!" सगळे हसले, सिस्टर सोडून. मंगळवार पेठेतून धावत मी कॉलेज गाठलं, तेव्हा परीक्षेच्या खोलीचं दार बंद झालं होतं. आतल्या पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. पुढच्या वर्षी पास झाले. पेढे घेऊन आधी त्यांच्याकडेच गेले, त्या गावात दुसरं होतं कोण माझं? पेढा तोंडात टाकत त्या म्हणाल्या, "माझ्यामुळंच झालीस की!" ते खोटं नव्हतं, म्हणून आजही त्यांच्यावर धड रागावता येत नाही.