आप्पांचा टीव्ही थोडा पुढे होता

आधीच सांगते, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. दाराला टांगलेल्या लिंबाचं सरबत करून पिणारी बाई आहे मी. तरीही...

जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट. हॉलमधल्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स बसवला. सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, खोलीतला जुना टीव्ही मात्र जुन्याच केबलवर राहिला. मॅच असली की आप्पा आतून ओरडायचे, "गेला की!" आणि हॉलमध्ये विकेट चार-पाच सेकंदांनी पडायची. नवरा चिडायचा. मी समजावलं, डिजिटल चित्र उलगडायला वेळ लागतो, म्हणून आपण मागे. सोपं आहे.

मग केबलवाल्याने जुनी लाईन कायमची बंद केली. आप्पांच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. दुसरा बॉक्स आणायचं म्हटलं तर म्हणाले, "कशाला? दिसतंय की मला."

पुढच्या मॅचला आतून आवाज — "गेला की!" हॉलमध्ये बोलर अजून रनअपकडे चालला होता. त्याच बॉलला विकेट पडली.

मी आत धावले. केबलची वायर टीव्हीमागे गुंडाळून पडलेली. रेडिओ नाही, मोबाईल नाही.

"आप्पा, कळलं कसं?"

"हितं दिसलं की," त्यांनी मुंग्यांकडे बोट केलं.

मी घड्याळ घेऊन बसू लागले. आधी अर्धा मिनिट. मग अख्खी ओव्हर. मग मॅच नसतानाही... एका रविवारी म्हणाले, "दार उघड, मल्लू आलाय." दारात कुणी नव्हतं. चाळीस मिनिटांनी बेल वाजली. त्यांचा भाचा मल्लू, अक्कलकोटहून, न कळवता आलेला! नवरा म्हणाला, योगायोग.

आज दुपारी आप्पांना चहा द्यायला गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको गं पोरी. मला काय बी तरास झाला न्हाय."

मी रडत नव्हते.

डॉक्टर येऊन गेले. ठणठणीत आहेत म्हणाले. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्या सकाळी मला चहा करून देणारा हा माणूस... मला खूप भीती वाटतेय. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि खरं सांगू, आता मला ते नकोही आहे. मी कॉलेजात रजा टाकलीय. त्यांच्या दारात खुर्ची टाकून हे लिहितेय. आत मुंग्यांचा खरखराट चालू आहे, आप्पा बघताहेत.

ते किती पुढे गेलेत, हे या वेळी मी मोजणार नाही. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलंय.