झेनॉनची पिशवी

हॉस्पिटलच्या इमारतीत सगळे तिला पिशवीवाल्या ताई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. झेनॉन वायूचे अणू लेझरच्या उजेडात एका दिशेला वळवायचे, वायू लिटरभराच्या पिशवीत भरायचा आणि लगबगीनं एमआरआयपर्यंत न्यायचा. माणसानं तो ओढून श्वास रोखला, की वायू रक्तातून मेंदूत जातो आणि रक्त कुठं पोचतंय ते पडद्यावर उजळतं. वाटेत रेंगाळलं, लोखंडाला खेटून गेलं, की वायूतला जोर ओसरतो. नऊ वर्षांत तिची एकही पिशवी वाया गेली नव्हती, आणि हे ऐकवल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे.

रुग्णांच्या चित्रांशी तुलना करायला धडधाकट माणसं हवी होती. तिनं मोठ्या भावाच्या मागं टुमणं लावलं. दादा शिंपी. श्वास घ्यायलाही आता तुझ्याकडे यायचं का, म्हणत तो आला. अलीकडे तो घेतलेली मापं विसरायचा. दोघांनीही ते हसण्यावारी नेलं होतं.

दादानं श्वास रोखला. काचेआडून ती सेकंद मोजत होती. पडद्यावर उजवी बाजू उजळली, डावीकडे मोठा भाग काळाच राहिला.

पिशवी लोखंडी कपाटाजवळून आणलीत का, असं डॉक्टरांनी विचारलं. तिनं मान डोलावली. माझीच चूक, म्हणाली. धडधडीत खोटं. पिशवी बिघडली असती तर सगळंच चित्र फिकं पडलं असतं, एकच बाजू नाही. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी दादाला ताईंची चूक झाली म्हणून सांगितलं आणि दुसरी पिशवी मागवली.

दुसरी घेऊन येताना ती कपाटापाशी थबकली. इथं थोडा वेळ उभं राहिलं की आज चित्रच येणार नव्हतं. दादा हसत घरी गेला असता. पण तेवढ्यानं त्याच्या डोक्यात रक्त थोडंच पोचणार होतं? तिला स्वतःचीच चीड आली. समोरच्या भिंतीला चिकटून ती भरभर चालत सुटली.

काळा भाग तिथंच होता, तेवढाच.

आतून दादाचा आवाज आला. "जमलं का गं? की परत तुझीच चूक?"

तिनं बोलायचं बटण दाबलं.

"नाही दादा," ती म्हणाली. "माझी चूक पहिल्यांदाही नव्हती."