रजियाच्या जेवणात काय मिसळलं होतं?

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही. दोन-तीनदा सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोलून बसले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे जमत नाही मला.

मी नांदेडच्या एका न्यूज पोर्टलमध्ये मथळे लिहिते. बातमी दुसरा कुणीतरी आणतो, मी तिला मथळा देते. लोक मोबाइलवर बातम्या बोटानं भराभर वर सरकवत असतात, त्यांचं बोट थांबवायचं — एवढंच माझं काम. ते मला चांगलं येतं. अर्धं सांगायचं, अर्धं झाकायचं. आणि खात्री नसेल तिथं प्रश्नचिन्ह लावायचं. प्रश्नचिन्ह लावलं की आपण काही म्हटलेलंच नसतं — नाही का?

त्याआधी, बारावीच्या वेळी, मी दोन वर्षं लातूरला होते. डॉक्टर व्हायचं म्हणून वडिलांनी क्लासला घातलेलं. जेवायला रजियाखालाची मेस. खोलीच्या दोन गल्ल्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्यात शाकाहारी घरांतल्याही पोरी होत्या, म्हणून खालानं मेसमध्ये कधी अंडंसुद्धा शिजवलं नाही. टेस्टमध्ये कमी मार्क पडले की मी ताटावर बसून रडायचे. ती म्हणायची, "आधी खा गं. मंग रड." मला ताप आला तेव्हा चार दिवस खोलीवर पेज घेऊन आली. मेडिकलला माझा नंबर लागला नाही. ते सांगायला घरच्या आधी मी तिच्याकडे गेले होते.

हे सगळं आठवत होतं मला. त्या दिवशी, त्या क्षणीसुद्धा. विसरले होते असं म्हणता आलं असतं तर —

दुपारची वेळ होती. लातूरच्या वार्ताहराची बातमी आली. एका खासगी मेसमध्ये जेवणाऱ्या सात विद्यार्थिनींना उलट्या, प्रकृती स्थिर, अन्नाचे नमुने तपासणीला पाठवले. मेस रजियाची आहे, असं त्यानं बातमीत लिहिलं होतं. आणि शेवटच्या ओळीत आणखी एक गोष्ट लिहिली होती. आजारी पडलेल्या सातही मुली एकाच इमारतीत राहतात. मेसमध्ये जेवणाऱ्या बाकीच्या कुणालाच त्रास झालेला नाही.

मी ती ओळ वाचली. दोनदा वाचली.

पहिला मथळा मी साधाच दिला — लातूरमध्ये सात विद्यार्थिनींना उलट्या, प्रकृती स्थिर. तासभर कुणी फिरकलं नाही. संपादक खुर्ची ओढून शेजारी बसले. "मॅडम, प्रकृती स्थिर म्हटल्यावर कोण उघडणार? तुमच्या हातचं द्या ना काहीतरी."

तुमच्या हातचं. मला बरं वाटलं ते ऐकून. हेही सांगायलाच हवं.

मी लिहिलं — 'रजियाच्या जेवणात काय मिसळलं होतं? सात मुलींसोबत जे घडलं ते वाचून हादराल.'

'मिसळलं' हा शब्द संपादकांचा नाही, माझा आहे. आधी 'काय होतं' असं लिहिलं होतं, ते खोडून 'मिसळलं' केलं. 'होतं' म्हटलं तर चूक वाटते, 'मिसळलं' म्हटलं की कुणीतरी मुद्दाम केलेलं वाटतं. आणि नाव? नाव कशाला घातलं? त्या नावामुळे आपल्याकडे बोट थांबतं, हे मला ठाऊक होतं. नुसतं रजिया. 'खाला' लिहिलं असतं तर ती कुणाची तरी मावशी झाली असती.

बातमी चालली. लई चालली. लोकांनी बातमी उघडलीसुद्धा नाही, नुसत्या मथळ्याचे फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरले. शेवटची ओळ कुणाला दिसणार होती? दोन दिवसांत पोरींचे बाप गाड्या करून आले आणि त्यांनी पोरींच्या मेस बदलल्या. काहींनी शेडसमोर उभं राहून नको ते बोलून घेतलं. जागेच्या मालकानं खालाला शेड रिकामं करायला लावलं. हे मला वार्ताहरानं फोनवर सांगितलं. मी "अरेरे" म्हटलं.

पुढं तपासणीचा अहवाल आला. अन्नात काही नव्हतं. त्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत घाण होती. त्या बातमीलाही मथळा मीच दिला — 'विद्यार्थिनी प्रकरणात नवी माहिती समोर.' कुणी उघडणार नाही असा मथळा कसा असतो, तेही मला येतंच की.

दीड वर्षानं पोर्टलनं मला देगलूरला पाठवलं, तालुक्याच्या वार्ताहरांना मथळे शिकवायला. खाला तिथं भावाकडे राहते, असं जुन्या मैत्रिणीकडून कळलं होतं. मी गेले. कबूल करायला गेले होते, असं वाटेत स्वतःला सांगत होते.

तिनं मला दारातच ओळखलं. वाळली होती. हात धरून आत नेलं, पोळी-भाजी वाढली. मी खात होते तेव्हा ती म्हणाली, "तू पेपरवाल्यातच हाईस ना? ते माझं कुणी लिवलं गं? जरा इचारून सांग."

घास तोंडात होता. तो गिळेपर्यंत वेळ होता माझ्याकडे. मी म्हणाले, "ते पुण्याहून येतं, खाला. आमच्या हातात नसतं."

"हाव," ती म्हणाली. "वळखीचं असतं तर असं लिवलं नसतं."

मग तिनं भाच्याच्या वहीतला एक कागद आणून माझ्यापुढं ठेवला. पोळ्या करून विकायचं तिच्या मनात होतं, दाराला पाटी लावायची होती. "तुला चांगलं लिवता येतं. काय लिवायचं सांग. फकस्त माझं नाव नको टाकू."

मी लिहून दिलं — 'येथे घरगुती पोळ्या मिळतील.' तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि लई छान झालं म्हणाली. निघताना डब्यात पोळ्या बांधून दिल्या. मी घेतल्या.

खाला अजून देगलूरलाच आहे. ईदला तिचा फोन येतो, मी उचलते, दोघी बोलतो. तो मथळा कुणी लिहिला, हे तिला अजून माहीत नाही. तिनं परत विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही.