शेवटचा फर्मा

गव्हाच्या पिठाची खळ चिमूटभर मोरचूद टाकून शिजवली की जो वास उठतो, तो थोडा ओल्या तांब्याचा असतो आणि थोडा करपलेल्या लापशीचा, आणि माझ्या लेखी तोच पुस्तकांचा खरा वास आहे. नव्या पुस्तकाला शाईचा वास येतो म्हणतात, येत असेल. नवी पुस्तकं माझ्या वाट्याला फारशी आली नाहीत. पळसदेवच्या आमच्या वाचनालयातली बहुतेक पुस्तकं जुन्या गावातून वर आलेली, म्हणजे धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा गोणपाटाच्या पोत्यांत कोंबून, ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्यांवर टाकून आणलेली. वाटेत दोरे तुटले, पुठ्ठे निसटले, आणि नव्या गावच्या पत्र्याच्या खोलीत पोती उपडी केली तेव्हा खळ्यावरच्या भुसकटासारखा ढीग झाला. मी तेव्हा तरणा होतो. शाळा चौथीतच सुटलेली, पण वाचायची खोड जबर. बारामतीच्या एका बाइंडिंगवाल्याच्या दुकानासमोर दोन दिवस नुसता उभा राहून मी शिवण बघून घेतली आणि त्या उन्हाळ्यात ती सगळी पुस्तकं स्वतःच्या हातानं बांधली. सोळा पानांचा एक जुडगा, त्याला फर्मा म्हणतात; फर्म्यावर फर्मा ठेवायचा, दोरा ओढायचा, पाठीला खळ फासायची, वर दगड ठेवायचा. पानं मोजून घ्यायची असतात हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या वयात मी ऐकलं असतं असं वाटत नाही.

तेव्हापासून वाचनालयाची किल्ली माझ्या करदोट्याला आहे. कपाटापाशी मी कुणाला जाऊ देत नाही. माणसानं यावं, बाकावर बसावं, दोन शब्द बोलावेत. त्याला काय वाचायला द्यायचं ते मी ठरवतो. निवृत्त झालेल्या पोस्टमनला मी समुद्रप्रवासाचं पुस्तक दिलं, तर तो दोन महिने बायकोशी वाऱ्यांच्या दिशांविषयी बोलत राहिला. लोक हसतात, आबाचं दुकान म्हणतात, पण पुस्तक नेतात. या कामात माझा नियम एकच, आणि तो मी चारचौघांत छाती काढून सांगत आलो: जे पुस्तक मी स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही, ते मी कुणाच्या हातात देत नाही.

त्यांतलं एक पुस्तक माझ्या विशेष जिवाचं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण आता ते कुणी शोधत जावं की जाऊ नये, हे माझं मलाच ठरवता येत नाही. सासर सोडून निघालेल्या एका बाईची ती कादंबरी. अख्खं पुस्तकभर ती सोसते, आणि अखेरीस एका धुक्याच्या पहाटे ट्रंक घेऊन नदीकाठी येऊन बसते. पलीकडून नाव येते, काठाला लागते, ती पदर खोचून उभी राहते, आणि संपलं. खाली ‘समाप्त’ असा शब्दसुद्धा नाही. त्या न लिहिलेल्या शब्दाचं मला केवढं कौतुक. मी वाचकांना सांगायचो की लेखकानं तो मुद्दाम गाळला आहे, कारण ती बाई अजून चाललीच आहे. चाळीसेक वर्षांत हे पुस्तक मी गावातल्या किती लेकीसुनांना दिलं याची गणती नाही. दुखावलेला चेहरा दिसला की माझा हात आपोआप त्या कप्प्याकडे जायचा, जसा वैद्याचा एखाद्या ठरलेल्या बरणीकडे जावा तसा.

माझा बालमित्र तात्या, त्याची लेक सुनंदा. बारामतीला दिलेली. दोन वर्षांमागे ती लेकीला घेऊन माहेरी आली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी वाचनालयात येऊन म्हणाली, आबा, एखादं जाडजूड पुस्तक द्या. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेच दिलं. पंधरवड्यानं ती परत करायला आली तेव्हा मी विचारलं, वाचलं का? व्हय, म्हणाली. त्यानंतर ती सासरी गेली नाही. भवानीनगरला एका शिंप्याच्या दुकानामागे खोली घेऊन शाळेचे गणवेश शिवू लागली, लेकीला तिथल्याच शाळेत घातलं. तात्यानं माझ्याशी महिनाभर अबोला धरला. अबोला सुटला तोही या वाक्यानं, “आबा, तुझ्या पुस्तकानं माझी पोर घराबाहेर काढली.” मी वरवर ओशाळल्यासारखं केलं, आतून मात्र, खोटं कशाला सांगू, सुखावलो. शाळा न शिकलेल्या माणसाच्या हातून एका बाईचं आयुष्य वळलं, असं मला वाटलं आणि ते मी वाटू दिलं.

यंदा वैशाखात धरणाचं पाणी पार खाली गेलं. जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं, गाळाच्या भेगांतून कुजक्या शिंपल्यांचा उग्र वास गावभर पसरला. त्या दिवसांत डोळ्यांच्या तपासणीला मी बारामतीला गेलो होतो. परतताना एका रद्दीच्या दुकानात, कुणा गुरुजींच्या घरून आलेल्या गठ्ठ्यात, तेच पुस्तक दिसलं. हातात घेतलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अंगठ्याला सवयीची जाडी नव्हती. नखभर जास्त होती. स्टँडच्या बाकावर बसून मी उलट्या बाजूनं उघडलं. नाव काठाला लागते, ती पदर खोचते, आणि तिथून पुढे सोळा पानं आहेत. ती नावेत चढत नाही. नावाडी तिची वाट पाहून निघून जातो. ऊन वर येतं, ती ट्रंक उचलते आणि आली त्याच वाटेनं माघारी जाते. सासू दार उघडते, बाजूला सरते, आणि ती चुलीपुढे बसून विस्तव फुंकते. खाली ठसठशीत अक्षरांत ‘समाप्त’.

माझी एसटी डोळ्यांदेखत लागली आणि सुटली, मी बाकावरून उठलो नाही. तो फर्मा जुन्या गावातच राहिला असेल, किंवा ट्रॉलीतून कडब्याबरोबर कुठल्या बैलापुढे पडला असेल. त्याच्याविनाच मी पुस्तक बांधलं, पाठीला खळ फासली, वर दगड ठेवला, आणि माझ्या अडाणी हातानं पडलेल्या खिंडाराला लेखकाची कला म्हणून चाळीस वर्षं मिरवलं.

संध्याकाळी तात्या ओट्यावर आला, आणि मन फार घुसमटलं होतं म्हणून मी त्याला सगळं सांगून बसलो. चूक झाली ती तिथे. तात्या कधी पुस्तक वाचत नाही, पण कामाचं तेवढं त्यानं नेमकं उचललं. येत्या रविवारी सुनंदाच्या खोलीवर आणखी एक बैठक ठरली होती. जावई आणि त्याचे मामा तिला न्यायला येणार होते आणि तात्याच्या आग्रहानं मीही जायचा होतो. “मग ह्येच घिऊन चल,” तो म्हणाला, “आन् सगळ्यांम्होरं वाचून दाव तिला. ती बाई माघारी गेली म्हणावं. तुझं ऐकती ती.” मी म्हणालो, बघू. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. दाखवलं तर जिच्या बळावर पोर उभी आहे ती काठी मीच काढून घेणार. लपवलं तर माझ्या नियमाचं काय, जन्मभर ज्याच्यावर ताठ मानेनं जगलो त्याचं काय. अखेर ठरवलं की बैठकीत नाही, पण तिच्या एकटीच्या हातात देईन.

रविवारी मी दोन एसट्या बदलून इतरांच्या तासभर आधी भवानीनगरला पोचलो. साखर कारखान्याचं गाळप थांबलेलं, तरी मळीचा आंबूस-गोड दर्प हवेत होताच. सुनंदा मशीनवर निळ्या चड्ड्यांना काजं करत होती. लेक शेजारी खेळायला गेली होती. मी दोन्ही प्रती तिच्यापुढे ठेवल्या आणि माझी चूक कबूल केली. अशी कबुली मी बायकोलासुद्धा कधी दिली नव्हती. तिनं सुई थांबवली नाही.

“ह्ये मला आजच का दाखवताय, आबा?”

“अर्धं पुस्तक दिलं तुला. दोष माझा हाय.”

“म्हंजी तुमच्या जिवाला लागलंय म्हणून,” ती म्हणाली, आणि पुस्तकं उचलून कापडाच्या ताग्यावर ठेवली. “बघती मागनं.”

मग मंडळी आली. चहा झाला. मामा गोड बोलणारे गृहस्थ. पोराला व्यसन नाही, कधी हात उगारला नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं, आणि ते खरंही होतं. तात्या माझ्याकडे डोळे लावून बसला होता. मी मान खाली घातली. शेवटी तोच म्हणाला की आबाच्या पुस्तकातली बाईसुद्धा घरी परत गेली, आता आबाच सांगतील. सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, “पुस्तक ऱ्हाऊ द्या. हिनं घर का सोडलं, ते हिलाच इचारा.”

एवढ्या बैठका झाल्या, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. सुनंदानं चड्डी बाजूला ठेवली. ती मामांकडे बघून बोलली, नवऱ्याकडे नाही.

“ह्ये ड्युटीला जाताना भायेरनं कुलूप लावायचे. सात वर्सं. पोरगी तापानं फणफणली तवा मी खिडकीतनं शेजारणीला हाक मारली, तर आल्यावर खिडकीलाबी खिळं मारलं.”

जावई म्हणाला, काळजीपोटी. मामांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. त्यापुढे कुणी घर जोडण्याविषयी बोललं नाही. पावसाचं, उसाचं बोलले, आणि उठले. तात्या मात्र उंबऱ्याशी थांबून राहिला. खोलीच्या दाराला आतून कडी होती. ती त्यानं एकदा लावून पाहिली, काढली, पुन्हा लावून पाहिली. मग लेकीकडे न बघताच तो बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिला.

ताग्यावर तशाच पडलेल्या प्रती मी पिशवीत टाकल्या. जाता जाता, दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं ते विचारलं: त्या पुस्तकानं तुला धीर आला, न्हाय का?

तिला जरा अवघड झालं. म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलावं की न बोलावं, असा तिचा चेहरा झाला होता. “आबा, राग धरू नका. पयल्या दोन पानांच्या म्होरं डोळ्याखालनं गेलंच न्हाय माझ्या. पुस्तकात डोकं असलं की आई काय इचारत न्हवती. म्हणून तर जाडं मागितलं.” आणि मग, माझी समजूत घालावी तसं म्हणाली, “पन कामाला आलं की. आता फुडच्या बाईला ह्यातलं कंचं देनार?”

परतीच्या गाडीत तात्या शेजारी खिडकीशी बसून होता. माझ्या मांडीवर दोन्ही प्रती होत्या. मघापर्यंत वाटत होतं की मी तिला चुकीचा रस्ता दाखवला. त्याआधी दोन वर्षं वाटत होतं की बरोबर दाखवला. रस्ता तिचा तिनं काढला, त्या सात वर्षांत कधीतरी, माझ्या कपाटाचं दार उघडण्याआधी. मग बाकीच्या त्या सगळ्या जणी, ज्यांना मी विचारलं, वाचलं का, आणि ज्या व्हय म्हणाल्या, त्या काय घेऊन गेल्या होत्या आणि कुठल्या दाराआड बसून पानं उलटत होत्या? सुनंदाकडे पुस्तक होतं त्या पंधरवड्यात मी रोज सकाळी तात्याच्या घरावरून जायचो. ती पडवीत भिंतीला टेकलेली असायची, गुडघ्यावर पुस्तक उघडं, मान खाली. पोरगी वाचतेय, या समाधानात मी हाक न मारता पुढे जात असे. पान रोज तेच असेल. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं होतं की नाही, ते गाडी पळसदेवला लागेपर्यंत आठवत राहिलो.