नाखवाकाका आणि आमची हवेची टाकी

आमच्या मच्छीमार संघाच्या मागच्या अंकात मी लिहिले होते, की नाखवाकाकांनी आमची हवेची टाकी वाचवली. ते चूक आहे. टाकी त्यांनी मोडीत काढायला लावली. वाचले ते माझे बाबा. काकांच्या अमृतमहोत्सवी अंकात आधी एवढे दुरुस्त करते.

मुरुडला आमचे होड्यांची इंजिने दुरुस्त करण्याचे वर्कशॉप आहे. मी काम बाबांकडेच शिकले. इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले श्री. दामोदर नाखवा तिथे प्रथम आले ते पुतण्याच्या होडीचे इंजिन दाखवायला. खंडेनवमी नुकतीच झाली होती. कॉम्प्रेसरच्या टाकीला ताजा चंदेरी रंग, वर झेंडूचा हार.

"नवरीसारखी नटवलीत," काका म्हणाले. "पाणी कधी सोडता?"

दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीच्या तळाशी साचते. ते सोडायला खाली चावी असते. दर खंडेनवमीच्या रंगाने आमची चावी पार बुजली होती.

"पण गंजाचा ठिपका तरी दिसतो का कुठं?" बाबांनी विचारले.

"रंग तुम्ही बाहेरून देता. गंज आतनं खातो."

काकांनी मशीन थांबवून हवा सोडायला लावली, तळाची जाडी मोजली आणि सांगितले, ही पुन्हा भरायची नाही, दाबाने फुटेल. बाबांच्या कमाईतली ती पहिली वस्तू. काकांनी घाई केली नाही. बाबांनी टाकीला हळदकुंकू वाहिले, मगच ती कापली. आत गंजाचे पापुद्रे होते. बाबा रोज तिला टेकून चहा पीत.

तेव्हापासून आम्ही काकांनी मिळवून दिलेल्या उसन्या मशीनवर काम करतो. नवी टाकी निवडायचे बाबांनी माझ्यावर सोपवले, आणि मी सारखी काकांना फोन करते. ते कधीही वैतागत नाहीत. उलट विचारतात: हवा कशासाठी लागणार? आत बघायला झाकण आहे का? बाबांना चकाकणारे स्टेनलेस हवे होते. मासळीच्या कारखान्याला ते योग्य, पण खाऱ्या वाऱ्यात साधे स्टेनलेसही डागाळते, हे काकांनी समजावले. आमच्या कामाला आतून-बाहेरून जस्त चढवलेली, अगदी तळाला चावी असलेली टाकी पुरेल, असे मला वाटते. तरी मी विचारलेच, चुकले तर?

"चुकलीस तर मी बोलेन की. आधी ठरव तर खरं."

काकांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, हेच पालीच्या गणपतीकडे मागणे. रविवारी त्यांचा सत्कार आहे. सोमवारी सकाळी मी पनवेलला जाऊन जस्त चढवलेल्या टाकीची ऑर्डर देणार आहे, त्यांना न विचारता.