लंचरूममधली बंदूक

आमच्या लंचरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. फ्रिजमध्ये विसरलेले डबे आणि ग्रॅमचे किस्से. डबे शुक्रवारी टाकून देता येतात. किस्से मी घरी नेतो आणि बायको म्हणते, "हा सांगून झालाय."

आमचं वर्कशॉप न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या 'ते रापा' नावाच्या भागात. दुधाच्या कारखान्यांसाठी आम्ही स्टीलच्या टाक्या बनवतो. मी मूळचा निगडीचा, इथे क्वालिटी बघतो. ग्रॅम साठीचा वेल्डर. हाताला जादू, पण तोंडाने अखंड बंदुकीची वकिली. त्याच्याकडे एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल, ती ठेवायला लोखंडी कपाट, आणि त्याच्या गन क्लबची सगळी वाक्यं तोंडपाठ. स्टोअर सांभाळणारी अरोहा त्याच्या समोर बसते. ती स्वतः रानडुकरांची शिकार करते, पण कायदा कडक हवा म्हणते. त्यामुळे आमच्याकडे टीव्ही नाही याचं कुणाला वाईट वाटत नाही.

*

एकदा ग्रॅम म्हणाला, "गाडीखालीही माणसं मरतात. मग गाड्यांवर बंदी घालणार का?"

अरोहाने सँडविच खाली ठेवलं नाही. "गाडीला नंबर प्लेट असते. ठरलेल्या मुदतीत तपासणी होते. तुझ्या रायफलची कधी झाली?"

"मला लायसन्स आहे. जबाबदार माणसाला तेवढं पुरे."

तेवढ्यात आमच्या सचिनने विचारलं, "ग्रॅम, आज बसने का आलास?" हा सचिन सांगलीचा. इथेच शिकला आणि आमच्याकडे ड्रॉइंगला लागला. कुठे काय विचारू नये, हे त्याला अजून शिकायचंय.

ग्रॅमच्या युटचं, म्हणजे त्याच्या छोट्या ट्रकचं, तपासणीचं वॉरंट आदल्या दिवशी नाकारलं होतं. वायपरचं रबर फाटलं होतं म्हणून.

*

याच सचिनला ग्रॅमने शिकारीचा नाद लावला. सचिनने बंदुकीच्या लायसन्सला अर्ज केला आणि ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव दिलं. पोलिसांतर्फे एक बाई चौकशीला घरी येणार होत्या. आता, एखाद्या लग्नाळू मुलाची चौकशी करायला कुणी घरी येतं म्हणजे काय, हे आमच्या पिढ्यांना माहीत आहे. माझ्या बायकोने, अनघाने, कांदेपोहे केले. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

"मुलगा निर्व्यसनी आहे," मी म्हणालो. "रेसिडेन्सी झाली आहे. आईवडिलांना दर रविवारी फोन करतो."

"स्वतःची भांडी स्वतः घासतो," अनघाने भर घातली. "आणि सहा महिन्यांत घर घेईल."

बाईंनी सगळं लिहून घेतलं, पोहे दोनदा घेतले आणि विचारलं, "त्याच्या हातात बंदूक असावी असं तुम्हाला वाटतं का?"

अनघा दचकलीच. "बंदूक कशाला? मुलीकडचे काय म्हणतील?"

लायसन्स शेवटी मिळालं, पण बाई अजून दोन माणसांना भेटून आल्या. सचिन आणि ग्रॅम पहिल्यांदा शिकारीला गेले आणि दिवसभरात एक हरीण दिसलं नाही. सचिन म्हणाला, "दादा, ग्रॅम वाटभर स्वातंत्र्यावर बोलत होता. हरणांना पण कान असतात."

*

सचिननेच एकदा लंचला सांगून टाकलं की आमच्यात दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतात. ग्रॅमचा घास हातातच राहिला. एवढा मोठा साक्षीदार त्याच्या क्लबला आजवर सापडला नव्हता.

२०१८च्या दसऱ्याला तो आमच्याकडे आला. पाटावर लाल कापड, त्यावर माझा मापं घ्यायचा व्हर्नियर, अनघाचा लॅपटॉप आणि तिच्या शिलाईची कात्री. आपटा इथे नाही, म्हणून परसातल्या फिजोआच्या झाडाची पानं सोनं म्हणून ठेवलेली. मागून ती रुपेरी, म्हणून उलटी केली तर चांदी.

"शस्त्रं कुठे आहेत?" ग्रॅमने विचारलं.

"ज्यावर पोट चालतं ते पाटावर," अनघा म्हणाली.

"माझी रायफल आणू?"

"तुमचं पोट वेल्डिंगवर चालतं."

ग्रॅम निमूटपणे युटमधून वेल्डिंगचं हेल्मेट घेऊन आला. अनघाने त्यावर हळदकुंकू वाहिलं. ते कुंकू त्याने पुसलं नाही, तसंच हेल्मेट घालून टाक्या जोडत राहिला.

*

मग २०१९चा मार्च आला. क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये शुक्रवारच्या नमाजाला आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मला ग्रॅमचा राग आला होता, आणि त्याचा काही संबंध नाही हे कळत असूनही तो जात नव्हता. सोमवारी ग्रॅम लंचरूममध्ये न येता युटमध्ये बसून जेवला.

त्याची मुलगी क्राइस्टचर्चला नर्स आहे. त्या शुक्रवारी ती ड्यूटीवर होती. तिने बापाला फोन करून सांगितलं, "ती रायफल घरात आहे तोवर मी मिलीला घेऊन येणार नाही." मिली ही त्याची चार वर्षांची नात. हे ग्रॅमने अरोहाला सांगितलं, कारण अरोहाला सगळेच सांगतात.

*

सरकारने ग्रॅमकडे होती तसल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आणायचं ठरवलं. क्लबने ग्रॅमला विरोधाचा छापील फॉर्म दिला. सगळी वाक्यं आयती होती, फक्त एक चौकट रिकामी: ही बंदूक तुम्हाला का हवी, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मी रिपोर्ट बरे लिहितो म्हणून तो लंचरूममध्ये माझ्याकडे आला.

"हरणांसाठी," मी सुचवलं.

"डुकराला एक गोळी पुरते," अरोहा म्हणाली. "दहा लागत असतील तर नेम धरायला शिक."

"घराच्या रक्षणासाठी?" मी विचारलं.

"घरी कोण येतं माझ्या?" ग्रॅम म्हणाला.

दोन लंच अवर गेले, चौकट रिकामीच. तिसऱ्या दिवशी त्याने फॉर्मच्या चार घड्या केल्या आणि आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवल्या. टेबल तेव्हापासून हललेलं नाही. कायदा झाला, बंदुका पोलिसांकडे जमा करायला डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली, पण ग्रॅमने आपल्या रायफलचं काय ठरवलं ते आम्हाला कळलं नाही.

*

ऑक्टोबरात दसरा आला. ग्रॅमला बोलावलं होतं, पण तो येईल असं वाटत नव्हतं. पूजा सुरू करणार तोच दारात युट थांबली. ग्रॅम उतरला आणि त्याचं बोट धरून एक मुलगी. दोघं थेट स्विमिंग पूलवरून आलेली. तिचे केस ओले, टॉग्जवरच, म्हणजे पोहायच्या कपड्यांवरच, फ्रॉक चढवलेला, पायात रबरी जँडल्स.

"ही मिली," ग्रॅम म्हणाला.

हेल्मेट त्याने आणलं नव्हतं. खिशातून एक किल्ली काढून त्याने व्हर्नियरच्या शेजारी ठेवली. ज्यावर पोट चालतं तेच पाटावर, असं यंदा अनघा म्हणाली नाही. तिने किल्लीला हळदकुंकू वाहिलं आणि मिलीच्या हातात फिजोआचं पान दिलं.

"ही कशाची किल्ली गं?" अनघाने तिला विचारलं.

"पॉप्सच्या लोखंडी कपाटाची," मिली ग्रॅमकडे बोट दाखवत म्हणाली. "त्यात माझे टॉग्ज राहतात."